हॉगवर्ट्‌सचे गुण आणि आमची हजेरी

जादूच्या शाळेवर वार्षिकांकासाठी लेख लिहितो आहे असे सांगितल्यावर आमच्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी नाके मुरडली. "पोरांच्या पुस्तकावर काय लिहितोस? ग्रामीण कथेवर लिही, दलित आत्मकथनांवर लिही," असा सल्ला मिळाला. सल्ला चांगलाच होता. परंतु जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटरची पुस्तके (पहिले १९९७ साली आले, मराठीत ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने वाचायला मिळते) मी वाचली तेव्हा मला त्यांत जादूपेक्षा शाळाच जास्त दिसली. उडता झाडू आपण कोणी पाहिलेला नाही. पण एकाला शाबासकी आणि त्याच गोष्टीसाठी दुसऱ्याला छडी हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. माझे म्हणणे त्याविषयी आहे.

ज्यांनी ही पुस्तके वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे भाग आहे. हॉगवर्ट्‌स ही जादू शिकविणारी निवासी शाळा. तेथील मुले चार गृहांत वाटलेली असतात: ग्रिफिंडॉर, स्लिदरिन, रेव्हनक्लॉ आणि हफलपफ. आपल्याकडे शाळेत तांबडा, निळा, हिरवा, पिवळा असे गट पाडतात, तसेच काहीसे. वर्गात कोणी बरोबर उत्तर दिले की त्याच्या गृहाला गुण मिळतात, खोडी केली की गृहाचे गुण कापले जातात, आणि वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त त्या गृहाला करंडक. गुण देण्याचा आणि कापण्याचा अधिकार सगळ्या शिक्षकांना आहे. मात्र कोणत्या गोष्टीला किती गुण याचे कोष्टक त्या अवाढव्य किल्ल्यात कोठेही टांगलेले नाही. स्नेप नावाचे एक मास्तर ग्रंथालयाचे पुस्तक बाहेर आणले म्हणून पाच गुण कापतात. त्या पाचचे सहा किंवा तीन का नाहीत, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

पहिल्याच पुस्तकातील एका रात्रीचा हिशेब मांडून पाहू. हॅरी आणि हर्मायनी मध्यरात्री वसतिगृहाबाहेर सापडतात. त्यांना सावध करायला निघालेला त्यांचा मित्र नेव्हिल हाही सापडतो, आणि त्यांना पकडून देण्यासाठी टपून बसलेला स्लिदरिनचा मालफॉयही सापडतो. चौघांचा गुन्हा एकच: रात्री बाहेर हिंडणे. न्याय करणाऱ्या बाईही एकच, प्राध्यापिका मॅकगॉनॅगल. मालफॉयच्या गृहाचे गेले २० गुण आणि हॅरीच्या गृहाचे प्रत्येकी ५० प्रमाणे एका रात्रीत १५०. नेव्हिल मैत्रीपोटी बाहेर पडला होता आणि मालफॉय चहाडीपोटी. चहाडीला वीस पडले, मैत्रीला पन्नास.

मॅकगॉनॅगल बाई स्वतः ग्रिफिंडॉर गृहाच्या प्रमुख आहेत. तेव्हा काही वाचक म्हणतात, पाहा, त्या किती निःपक्षपाती! आपल्याच मुलांना त्यांनी जास्त शिक्षा केली. मला हे पटत नाही. गावच्या शाळेत मास्तरांचा मुलगा त्यांच्याच वर्गात असला की त्याला दोन छड्या जास्त बसतात, हे आपण पाहिले आहे. गावात मास्तरांचे नाव होते, पण पोराच्या हातावरचे वळ काही नावलौकिकाने जात नाहीत. परक्याला कमी आणि आपल्याला जास्त, हाही पक्षपातच. त्याची दिशा फक्त उलटी असते.

त्या चौघांना वर आणखी एक शिक्षा झाली. काय, तर रात्री अकरा वाजता निषिद्ध अरण्यात जायचे आणि तेथे कोणीतरी एकशिंग्या घोड्यांना मारीत आहे त्याचा माग काढायचा. रात्री बाहेर फिरू नये हा नियम मोडला म्हणून रात्रीच बाहेर पाठवायचे, आणि तेही जेथे जायला मुलांना मुळातच बंदी आहे तेथे! आपल्याकडच्या एखाद्या शाळेने उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा यायला सांगावे, असा हा मासला आहे.

गुण एकाचे जात नाहीत, गृहाचे जातात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सारे ग्रिफिंडॉर त्या तिघांशी अबोला धरते. शिक्षकाने शिक्षा एकदाच केली. पुढची शिक्षा मुलांनीच मुलांना कितीतरी दिवस केली, आणि तिचा हिशेब शाळेच्या कोणत्याच वहीत नाही. सगळ्या वर्गाला एकाच्या पापाची शिक्षा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातले प्रत्येक मूल ऐकतच वाढते. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, असे तो मुलगा म्हणाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याचे कौतुक करीत आलो. गंमत अशी की हीच गोष्ट वर्गात रंगवून सांगणारे गुरुजी दुपारी एकाच्या गडबडीसाठी सबंध वर्गाला बाकावर उभे करतात, आणि त्या वेळी कोणी टिळक निघालाच तर त्याला 'उद्धट' म्हणतात.

झाडूचे उदाहरण तर याहून मासलेवाईक आहे. उडण्याच्या पहिल्याच तासाला बाई बजावून जातात की मी येईपर्यंत कोणी झाडूवर बसेल तर त्याला शाळेतून काढीन. मालफॉय बसतो, आणि त्याच्या पाठोपाठ हॅरी बसतो. मॅकगॉनॅगल बाई ते खिडकीतून पाहतात. हॅरीचे सामान आता बांधले जाणार असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याला गृहाच्या संघात जागा मिळते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा झाडू बाळगायला बंदी असताना त्याला नवा कोरा उंची झाडू घरपोच येतो. मुलगा गुणी होता, गृहाला सामना जिंकायचा होता, एवढेच त्याचे कारण. मालफॉयला ना शिक्षा ना बक्षीस. त्याची कोणी दखलच घेतली नाही. आपल्या मैदानावर असा प्रसंग कधी घडत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कबड्डीचा चढाईपटू असला की वर्गातली त्याची गैरहजेरी 'सराव' होते. न खेळणारा गैरहजर राहिला तर ती नुसतीच गैरहजेरी राहते.

दुसऱ्या पुस्तकातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उडत्या मोटारीतून शाळेत आल्याबद्दल हॅरी आणि त्याचा मित्र रॉन या दोघांना शिक्षा होते. गुन्हा सारखाच, पण रॉनला बक्षिसांच्या दालनातली चांदी घासायला लावतात आणि हॅरीला एका मिरवणाऱ्या मास्तरांच्या चाहत्यांच्या पत्रांवर पत्ते घालायला बसवतात. (सत्र अजून सुरू झाले नव्हते, म्हणून गुण मात्र कापले गेले नाहीत. असली पळवाट वकिलालाही सुचली नसती.) चांदी घासताना रॉनच्या हाताखाली एक जुनी ढाल येते. शाळेची विशेष सेवा केल्याबद्दल टी. एम. रिडल या विद्यार्थ्याला ती पन्नास वर्षांपूर्वी दिलेली असते. सेवा कोणती? तर शाळेत एका मुलीचा जीव घेणारा गुन्हेगार त्याने पकडून दिला ही. पकडून दिलेला तो मुलगा म्हणजे हॅग्रिड. त्याला तिसऱ्या वर्षातच शाळेतून काढले आणि त्याची जादूची कांडी मोडून टाकली. पुस्तक पुढे वाचले की कळते, खरा गुन्हेगार रिडलच होता.

या ढालीपाशी मी बराच वेळ थांबलो. एका चुकीच्या निवाड्यात बक्षीस आणि शिक्षा दोन्ही एकाच दिवशी दिली गेली, आणि दोन्ही पन्नास वर्षे तशीच राहिली. दर वर्षी कोणीतरी ती ढाल घासून चकचकीत करीत होते. ज्या निरपराध मुलाला काढून टाकले तो त्याच शाळेच्या आवारात झोपडी बांधून राखणदार म्हणून राहत होता. आणि संकट पुन्हा आले तेव्हा चौकशीही न करता पहिल्यांदा त्यालाच उचलून तुरुंगात नेले. एकदा वाईट शेरा बसला की तो पुढच्या शेऱ्याचा पुरावा होतो. शाळेच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तो भरताना लेखनिक विचार करतो की नाही, कोण जाणे. पण तो ज्याचा असतो त्याला आयुष्यभर तो वाहावा लागतो.

आता त्या प्रसिद्ध शेवटच्या मेजवानीकडे येतो. वर्षाचे गुण जाहीर होतात: स्लिदरिन ४७२, रेव्हनक्लॉ ४२६, हफलपफ ३५२, ग्रिफिंडॉर ३१२. स्लिदरिन सलग सातव्या वर्षी पहिले. सभागृह त्यांच्या हिरव्या आणि चंदेरी रंगांनी सजलेले आहे, मुले टेबले बडवीत आहेत. तेवढ्यात मुख्याध्यापक डंबलडोर उठतात आणि म्हणतात, काही अलीकडच्या गोष्टी हिशेबात धरायच्या राहिल्या. मग रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६०. बेरीज ४७२, म्हणजे बरोबरी. मग मित्रांना विरोध करण्याचे धैर्य दाखविले म्हणून नेव्हिलला १०. ग्रिफिंडॉर ४८२. टाळी वाजते आणि सभागृहातले झेंडे बदलतात.

हे पान वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. नेव्हिलचे दहा गुण तर फारच गोड आहेत. बुजऱ्या, विसराळू पोराला कोणीतरी पहिल्यांदा मोजले. त्या मुलांनी जिवावर उदार होऊन जे केले त्याला बक्षीस नको असे कोण म्हणेल? परंतु पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात दुसराच एक मुलगा येऊन बसला. तो अकरा वर्षांचा आहे, स्लिदरिनमध्ये आहे, आणि त्याचे नावही लेखिकेने आपल्याला सांगितलेले नाही. त्याने वर्षभर अभ्यास करून पाच-पाच, दहा-दहा गुण आणले. मालफॉयच्या खोड्यांशी त्याचा संबंध नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या गृहाचा झेंडा उतरला. हॅरी तीन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता आणि तळघरात काय घडले ते तोवर साऱ्या शाळेला कळले होते. गुण द्यायचे तर ते आदल्या दिवशी फळ्यावर लिहिता आले असते. मग त्या पोराला नुसती हार मिळाली असती. सभागृह आधी सजवून मग उतरवल्यामुळे त्याला हारीबरोबर फजितीही मिळाली.

यावर आमच्या एका मित्राचे म्हणणे असे की ही गोष्ट आहे, गोष्टीत नायक जिंकायचाच. ठीक आहे. पण लेखिका काही भोळी नाही. रिडलची ढाल खोटी आहे हे तीच आपल्याला दाखवते. पाचव्या पुस्तकात अंब्रिजबाई येतात. त्या शिक्षा म्हणून अशा लेखणीने ओळी लिहायला लावतात की मुलाच्या हाताच्या पाठीवर ती अक्षरे रक्ताने कोरली जातात. शिक्षेच्या नावाखाली सत्ता कशी माजते हे तिने ज्या ताकदीने लिहिले तसे फार थोड्यांनी लिहिले असेल. माझी तक्रार एवढीच की जेव्हा आवडता मुख्याध्यापक आवडत्या मुलांना मनास येईल तितके गुण देतो, तेव्हा तीच लेखिका त्याच्या शेजारी बसून टाळ्या वाजवते. वाईट माणसाच्या हातातली लहर तिला दिसते, चांगल्या माणसाच्या हातातली दिसत नाही. खरे तर दुसरीच अधिक पाहण्यासारखी असते, कारण तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही.

हे सारे आपल्याला आता अधिक लागू आहे, याचे कारण असे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी केली. छडी निदान कागदावर तरी गेली. तेव्हा शिक्षकाच्या हाती आता प्रामुख्याने उरले आहेत ते गुण, प्रमाणपत्रे, शेरे आणि करंडक. महाविद्यालयात तर अंतर्गत गुण आहेतच. त्यांविषयी मी जास्त लिहीत नाही. हा अंक आमचे प्राध्यापकही वाचतात. इतकेच म्हणतो की लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पण अंतर्गत वीसापैकी अकरा का आणि सतरा का, हे विचारण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी नाही.

कोष्टक आधी जाहीर करता येत नाही असे मात्र नव्हे. दहावीच्या परीक्षेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात: 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३. कोणाला आवडो न आवडो, आकडा सर्वांना आधीच माहीत असतो आणि तो बीडच्या मुलाला आणि मुंबईच्या मुलाला एकच असतो. सात गुण का आणि दहा का नाहीत यावर वाद घालता येतो. वाद घालता येतो हीच त्यातली चांगली गोष्ट आहे.

तर मग सगळे नियम लिहून काढावेत, सर्वांना सारखे लावावेत, की प्रश्न सुटला? मीही आधी येथेच थांबणार होतो. परंतु अंब्रिजबाईंनीही आपले फतवे चौकटीत घालून भिंतीवर टांगलेच होते. आणि आपल्या अंबाजोगाईची एक आख्यायिका आहे. मुकुंदराजांची समाधी तेथे दाखवतात, ती त्यांच्याशीच निगडित आहे. जैत्रपाळ राजाला ब्रह्म पाहायचे होते. त्याची अट अशी की घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवल्यापासून मांड टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा. ज्या साधूंना ते जमेना त्यांना तो कोंडून ठेवी आणि खोदकामाला लावी. पुढे मुकुंदराज आले आणि त्यांनी साधूंना सोडविले, असे सांगतात. आता पाहा, जैत्रपाळाच्या नियमात विसंगती कोठेच नाही. अट आधी जाहीर आहे, सर्वांना सारखी आहे, ओळखीपाळखी चालत नाही. डंबलडोरपेक्षा जैत्रपाळ कितीतरी नेमका. फक्त त्याची अट कोणालाही पुरी करता येण्याजोगी नव्हती.

मला जैत्रपाळ आठवला तो आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांवरून. जवळजवळ प्रत्येक शाळेत 'शंभर टक्के उपस्थिती' असे एक बक्षीस असते: एक पेला किंवा कंपासपेटी आणि प्रमाणपत्र. नियम स्वच्छ आहे, सर्वांना सारखा आहे. आणि दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला जायचेच असते, ते कोणाच्या मर्जीवर नसते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात. मागे आजी असली तर पोर गावात राहते. नसली तर तेही जाते, कोपीत राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. बक्षीस मात्र तोवर वाटून झालेले असते. ते कोणाला मिळते? ज्याचे घर गावात आहे, दुकान आहे, बाप नोकरीला आहे त्याला. त्या मुलाचा यात काही दोष नाही. तो खरोखरच रोज आला. पण जो आला नाही त्याला टाळ्या वाजवायला मंडपात बसवून आपण काय शिकवतो, याचा विचार गुरुजींनी करावा अशी माझी विनंती आहे.

त्याच्या आईबापांच्या कामावरही हजेरीचा एक नियम असतो. त्याला खाडा म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी एक आजारी पडला, बाईची पाळी आली, मूल तापाने फणफणले, तरी काम बुडाले की खाडा लागतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली, तेव्हा अनेक जणींनी सांगितले होते की खाड्याचा दंड दिवसाला पाचशे रुपये पडतो आणि तो परवडत नाही. खाड्यात विसंगती नाही. तो सर्वांना सारखा लागतो. हॉगवर्ट्‌सच्या लहरीपेक्षा हा काटेकोरपणा अधिक भयंकर आहे, असे मला वाटते.

सरकारने हजेरीला बक्षीस लावून पाहिले नाही असेही नाही. १९९२ सालापासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया असा उपस्थिती भत्ता सुरू झाला. हेतू उत्तम होता, पण पुढे कित्येक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. शाळेत आल्यास एक रुपया आणि फडावर न गेल्यास पाचशेचा दंड, अशी दोन कोष्टके एकाच घरावर लागू असली तर मूल कोणत्या बाजूला ओढले जाईल हे गणित चौथीच्या मुलीलाही येते. त्यापेक्षा हंगामी वसतिगृहांचा उपयोग मला जास्त दिसतो, कारण आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहून शाळेत जाऊ शकते. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली, तीही याच वाटेने जाणारी आहे. बक्षीस लावण्याआधी ते मिळवण्याची वाट तरी मोकळी करावी, इतके यातून दिसते.

डंबलडोर मुख्याध्यापक असते आणि शाळा बालाघाटावर असती तर काय झाले असते? मला वाटते, संमेलनाच्या दिवशी त्यांनी ऐनवेळी उठून फडावरून परतलेल्या एखाद्या पोराला साठ गुण दिले असते आणि मंडपात सगळ्यांचे डोळे पाणावले असते. पुढच्या वर्षी मात्र तेच पोर पुन्हा गेले असते आणि त्या वेळी डंबलडोर साहेबांचे लक्ष दुसरीकडे असते. मला ते डोळ्यांतले पाणी नको, जूनमध्ये लावलेली सूचना हवी.

तिच्यात काय असावे तेही सांगतो. मूल ज्या दिवसांत गावात होते तेवढ्याच दिवसांवर त्याची उपस्थिती काढावी. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था आहे. त्या पत्रकावर कारखान्याजवळच्या शाळेत जितके दिवस भरले असतील तितके आपल्या हजेरीत मिळवावेत. बक्षीस एकच न ठेवता, ज्याने मागच्या वर्षीपेक्षा जास्त दिवस भरले त्यालाही एक द्यावे. यातले काहीही खर्चाचे नाही. हजेरीपटावर एक रकाना वाढेल, इतकेच.

आमच्या महाविद्यालयातही उपस्थितीचे पारितोषिक आहे, आणि आमच्यातही दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाऊन थेट परीक्षेला येणारे विद्यार्थी आहेत. ते कोण हे त्यांच्या तळहातांवरून ओळखता येते. पारितोषिकाचे निकष सत्राच्या आरंभी सूचनाफलकावर लावावेत, वर सांगितल्याप्रमाणे मोजणी करावी, आणि अंतर्गत गुण कशाकशाला किती तेही त्याच फलकावर असावे, अशा अर्थाचा एक अर्ज मी प्राचार्यांसाठी तयार केला आहे. मसुद्यात कोणाचे नाव नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. ज्यांना त्यावर सही करायची असेल, किंवा त्यातले एखादे कलम चुकीचे वाटत असेल, त्यांनी मधल्या सुट्टीत वाचनालयात यावे. खिडकीकडच्या टेबलावर मी बसलेला असतो.